बोट धरून पाहिलेली सृष्टी

लहान मुलाला घराबाहेर नेऊन भोवतालची झाडे, पाखरे, किडेमुंग्या, दगडधोंडे दाखविणे ही क्रिया इतकी नित्याची आहे, की तिला वाङ्मयात काही स्वतंत्र स्थान असावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. निसर्गवर्णन आपल्या सर्व भाषांत विपुल आहे. बाल्याचे गुणगानही उदंड आहे. परंतु एक मोठे माणूस, एक लहान मूल आणि त्या दोघांपुढे असलेली एखादी जिवंत वस्तू, अशा तिघांचा खराखुरा प्रसंग शोधू गेल्यास तो अपेक्षेपेक्षा विरळाच आढळतो. जेथे आढळतो तेथेही बहुधा त्या वस्तूला तिचे असे अस्तित्व उरू दिले जात नाही. मोठे माणूस पुढे सरसावते आणि अर्थ सांगून टाकते. फूल नम्रतेचे होते, मुंगी उद्योगाची होते, नदी परोपकाराची होते. आणि मूल पाहावयाचे सोडून ऐकू लागते. अशा लेखनाला बालवाङ्मय म्हणून सूट देण्याचा आपला प्रघात आहे. ही सूट देऊ नये. प्रसंग लहान मुलाचा असला, तरी तो लिहिणारा लेखक प्रौढ असतो. आणि त्या प्रसंगात अखेरचा शब्द कोणाचा राहतो, वडिलांचा, मुलाचा की वस्तूचा, यावरून त्या लेखकाची सृष्टीकडे पाहण्याची पात्रता जितकी कळते तितकी त्याच्या पाच पानांच्या सूर्यास्तवर्णनावरूनही कळत नाही.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) या कादंबरीतील एक प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. सरस्वतीपूजेच्या दिवशी दुपार कलल्यावर गावातील काही मंडळी नीलकंठ पक्षी पाहावयास निघतात. निळीच्या जुन्या कोठीपलीकडच्या माळावर जावयाचे असते. हरिहर आपल्या लहानग्या अपूला बरोबर घेतो. अपूला गावाबाहेरचे जग ठाऊक नाही. हा माळ म्हणजे त्याच्या लेखी जगाचा शेवटच होय. मोठी माणसे आपल्या गप्पांत दंग आहेत. तेवढ्यात झुडपांतून मोठ्या कानांचे काहीतरी उडी मारून पसार होते. तो ससा आहे असे कळल्यावर अपू जागच्या जागी थिजतो. ससा त्याने पाहिलेला आहे, पण अक्षरओळखीच्या पुस्तकात, चित्रात. ते चित्र असे जिवंत होऊन, कान उभारून, नेहमीच्याच झुडपांतून समोर धावू शकते याची त्याला कल्पनाही नव्हती. पुढे तो वाटेतल्या एका वेलीच्या लवदार शेंगांना हात लावू जातो आणि हरिहर त्याला खसकन मागे ओढतो. त्या शेंगा ‘आलकुशी’च्या, म्हणजे आपल्या खाजकुयलीच्या असतात.

या प्रसंगात हरिहर काही आदर्श शिक्षक नव्हे. तो भिक्षुकी करणारा, संसाराने गांजलेला, स्वप्नाळू गृहस्थ आहे. मुलाच्या ‘हे काय, ते काय’ने तो थोडा वैतागतोही. बिभूतिभूषणांचे सामर्थ्य असे, की त्यांनी हा वैताग लपविलेला नाही. ससा दिसला म्हणून हरिहराच्या तोंडी प्राणिमात्रांवर प्रवचन घातलेले नाही. त्याच्याकडून मुलाला मिळतात त्या दोनच गोष्टी : एक बरोबर नेणे, आणि दुसरी नाव. सशाचे नाव आश्चर्याबरोबर येते, खाजकुयलीचे भीतीबरोबर. म्हणूनच ती दोन्ही नावे मुलाला जन्मभर पुरतील अशी रुजतात. आणि मोठी माणसे ज्या नीलकंठासाठी निघाली होती तो पक्षी वाचकाच्या स्मरणात मागे पडतो. उरतो तो कोणीही न योजलेला ससा. मुलांबरोबर रानात गेलेल्या कोणालाही हे पटेल. ठरवून दाखविलेले मुलाच्या मनात राहत नाही, वाटेत आडवे आलेले राहते. सहलीचा कार्यक्रम आखून देणाऱ्या शिक्षणखात्यांनी ही पाने वाचावयास हरकत नाही.

रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त (१९१२) याच नात्याचे दुसरे रूप आहे, आणि ते अधिक जाणीवपूर्वक रेखाटलेले आहे. जोडासांकोच्या वाड्यात नोकराने खडूने काढलेल्या वर्तुळात बसून राहणारा, खिडकीतून तळे आणि वड न्याहाळणारा हा मुलगा १८७३ साली मुंजीनंतर वडिलांबरोबर प्रथमच दूर निघाला. हिमालयाच्या वाटेवर बोलपूरचा मुक्काम होता. तेथील लाल मातीच्या घळींतून तो एकटाच भटके, तऱ्हेतऱ्हेचे खडे ओच्यात भरून आणी आणि महर्षी देवेंद्रनाथांपुढे मांडी. देवेंद्रनाथ ध्यानधारणेतले पुरुष. पण त्यांनी त्या खड्यांना कधी क्षुद्र म्हटले नाही. ते कोठे मिळाले, आणखी आहेत काय, असे उत्सुकतेने विचारले. आणि तळ्यासाठी खणलेल्या मातीचा जो ढिगारा होता, ज्यावर बसून ते सकाळची उपासना करीत, तो ढिगारा या खड्यांनी सजवावा असे सुचविले. घळीतला एक लहानसा झरा मुलाने ‘शोधून’ काढला, तेव्हा स्नानाचे पाणी तेथूनच आणविण्याची व्यवस्था करून त्यांनी त्या शोधाला मान दिला. पुढे हिमालयात तर हा मुलगा हाती काठी घेऊन डोंगर उतरणीवर एकटा हिंडे. पडेल, हरवेल, या धाकाने वडिलांनी त्याला अडविले नाही. रात्री मात्र ते स्वतः नक्षत्रे दाखवीत.

हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. जे मुलाच्या पायाला आणि हाताला गवसते तेथे देवेंद्रनाथ मागे राहतात. जे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आकाशातले आहे, तेथे पुढे होतात. खड्यांविषयी त्यांनी भूगर्भशास्त्र सांगितले नाही, ईश्वराची लीलाही सांगितली नाही, जरी ब्राह्मसमाजाच्या या आचार्याला ते सहज सुचले असते. त्यांनी त्या खड्यांना काम दिले, आणि तेही आपल्या उपासनेच्या जागी. बोलपूर सोडताना ते सारे खडे मागे टाकावे लागले याचे दुःख रवींद्रनाथांनी नोंदविले आहे. १९०१ साली याच जागी ब्रह्मचर्याश्रम निघाला आणि झाडाखालचे वर्ग प्रसिद्धीस आले. त्या प्रयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याचे मूळ झाडाखाली बसण्यात नसून खडे पाहणाऱ्या वडिलांच्या त्या संयमात आहे, हे फार थोड्यांनी ओळखले. झाडाखाली बसवूनही मुलांकडून पाढेच घोकून घेता येतात.

मराठीकडे वळताच साने गुरुजींचे स्मरण अपरिहार्य आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही मुलांना सृष्टी दाखविणारी कृती म्हणून कोणी वाचीत नाही. पण पालगडचा परिसर तिच्यात पानोपानी आहे आणि त्या परिसराशी मुलाचे नाते जोडून देणारी व्यक्ती आई हीच आहे. ‘मुकी फुले’ हे प्रकरण घ्यावे. देवासाठी फुले मिळविण्याच्या चढाओढीत श्याम संध्याकाळीच झाडावरच्या कळ्या ओरबाडून आणतो आणि आई त्याला त्या कळ्यांची बाजू समजावून सांगते. येथे वडीलधाऱ्याचा शब्द अखेरचा आहे, यात संशय नाही. तरीही हे प्रकरण निर्जीव होत नाही. त्याचे कारण असे, की आईचे बोलणे ‘फुलां’विषयी नसून श्यामने नुकत्याच केलेल्या कृत्याविषयी आहे. कळ्या तेथे, त्याच्याच हाताखाली आहेत. चढाओढीची हाव अजून त्याच्या मनात ताजी आहे. उपदेश प्रसंगातून फुटतो आणि प्रसंगातच मुरतो. शिवाय आईचे ज्ञान हे रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या, फुले तोडणाऱ्या आणि वाहणाऱ्या बाईचे ज्ञान आहे. कळी संध्याकाळी कशी असते आणि पहाटे कशी होते, हे तिने पुस्तकात वाचलेले नाही.

‘पत्रावळ’ या प्रकरणाकडे समीक्षकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही हा त्या घरात कमीपणा ठरतो. आज वाचकाला या प्रकरणातील धडा स्वावलंबनाचा वाटतो, आणि गुरुजींनाही तोच अभिप्रेत असावा. परंतु पत्रावळ लावणे म्हणजे पान ओळखणे होय. कोणते पान चिवट, कोणते टाचताना फाटते, शीर कोठे जाड, चोय कोठून घालावी, हे सारे बोटांना कळावे लागते. निसर्गाची ही ओळख हातांची आहे. तिच्यात सौंदर्यदृष्टीचा आव नाही की करुणेचा उमाळा नाही. आणि तरीही, किंवा म्हणूनच, ती पक्की आहे. गुरुजींच्या अनुकरणकर्त्यांनी ‘मुकी फुले’ उचलली आणि ‘पत्रावळ’ सोडून दिली. त्यांच्या क्रमिक पुस्तकी गोष्टींतून मुलाचे कृत्य नाहीसे झाले, आईचा अनुभव नाहीसा झाला. राहिला तो केवळ कळवळा. फूल बोलू लागले, झाड रडू लागले, चिमणी उपदेश करू लागली. गुरुजींच्या फुलांचे सारे मर्म त्यांच्या मुकेपणात होते, याचा या मंडळींना विसर पडला.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) महिन्यामहिन्याने सृष्टी पाहण्याची जी दृष्टी मराठीला दिली ती या कळवळ्याला उतारा ठरू शकली असती. त्या पुस्तकात मूल नाही. पण मुलाची जी हावरी, न थकणारी नजर असते ती आहे, आणि तिच्या जोडीला विदुषीचे ज्ञान आहे. या नजरेचा मुलांसाठी लिहिणाऱ्यांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. ललित निबंध प्रौढांचा आणि उपदेश मुलांचा, अशी वाटणी कोणी न सांगताच होऊन बसली.

या वाटणीत काय हरवले हे पाहण्यासाठी ‘मुकी फुले’शेजारी दुसरा एक प्रसंग ठेवून पाहावा. तो मराठीतला नाही, पण मुंबईत घडलेला आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्राचे नावच चिमणीच्या पतनावरून ठेवलेले आहे. दहाबारा वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे असे वाटून तो ती मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे, घेऊन गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, आणि तेवढ्यावर न थांबता संग्रहाचे खण एकामागून एक उघडून त्या भेदरलेल्या मुलाला देशातले शेकडो पेंढा भरलेले पक्षी दाखविले. त्या खणांतूनच भारतीय पक्षिशास्त्राचे एक युग बाहेर पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दोन मुले, दोघांनीही हाताने एक जीव खुडलेला. एकाला आई त्या जिवाची व्यथा सांगते, दुसऱ्याला एक परका गृहस्थ त्या जिवाची जात दाखवितो. पहिल्या उत्तरातून करुणा निपजते, दुसऱ्यातून जिज्ञासा. यांपैकी श्रेष्ठ कोणते असा प्रश्न करणे व्यर्थ आहे. कळ्या ओरबाडणाऱ्या मुलाला वनस्पतिकोश दाखविणारी आई कोणाला रुचणार नाही, आणि पिवळा डाग दिसलेल्या मुलाला अहिंसेवर ऐकविणारा चिटणीसही नको. खरा मुद्दा हा, की आपल्या वाङ्मयाने पहिल्या उत्तराला घरात घेतले आणि दुसऱ्याला शास्त्राच्या ओसरीवर बसविले. मामांचे ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य बालवाङ्मयात कोणा वडीलधाऱ्याच्या तोंडी क्वचितच येते. ते आले असते, तर मुलाला आणि वडिलांना एकाच दिशेने चालू लागावे लागले असते. आणि गोष्टीला खरी गती तेथूनच मिळते.

याचा अर्थ असा नव्हे की मुलांपुढे केवळ वस्तुस्थितीच ठेवावी. मेणाचे घर बांधणारी चिमणी आणि शेणाचे घर बांधणारा कावळा यांची गोष्ट ऐकून कोणतेही मराठी मूल चिमणीच्या घरट्यात मेण शोधावयास जात नाही. लोककथा खोटे बोलत नाही, कारण ती साक्ष देत असल्याचा दावाच करीत नाही. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या संग्रहातील प्राण्यांचे असेच आहे. ते अशक्य गोष्टी बेधडक करतात. पण त्या अशक्यतेतली गंमत कळण्यासाठी तो प्राणी खरोखर कसा असतो हे मुलाला ठाऊक असावे लागते. विंदांची विक्षिप्त कविता मुलाच्या निरीक्षणावर विश्वास टाकते. उलट, उद्योगी मुंगीवरच्या पद्याला मुंगी पाहिलेली असण्याची काही गरज नसते. न पाहिलेलीच बरी. कारण वारुळाशी थोडा वेळ बसलेल्या मुलाला मोकळ्या हाताने इकडेतिकडे भरकटणाऱ्या मुंग्याही दिसतात, आणि पद्य गोत्यात येते.

यापुढचा पेच अधिक नाजूक आहे, कारण त्यात एका थोर कवयित्रीचा संबंध येतो. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता शाळाशाळांतून पोचली. त्या कवितेत खोपा विणणारी सुगरण ‘ती’ आहे, आई आहे. पिलांसाठी तिने जीव झाडाला टांगलेला आहे. चोचीएवढ्या साधनाने तिने जे केले ते पाहून दोन हात असलेल्या माणसाने विचार करावा, असे कवयित्री सुचविते. खोपा विणतो तो मात्र नर. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे शिडीवर बसून या पक्ष्यांचा संसार पाहिला, आणि त्याची विलक्षण रीत उलगडली. पावसाळ्याच्या तोंडावर डोक्यावर पिवळा रंग चढलेले नर गवताच्या धांदोट्या काढून खोपे विणू लागतात. खोपा अर्धा, शिरस्त्राणासारखा झाला की माद्यांचा थवा येतो. माद्या खोप्यांत शिरून पारख करतात. पसंत पडला तर मादी तेथे राहते आणि नर नळी विणून खोपा पुरा करतो. मग तो दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबकळत राहतात. अंडी उबविणे आणि पिलांचा बराचसा भार मादीवर पडतो.

मग कविता चुकली काय? हा प्रश्न वर्गात एखादे मूल विचारणारच, आणि शिक्षक त्याला गप्प करील अशीच शक्यता अधिक. पण कविता वाचण्याची याहून चांगली संधी नाही. मराठी भाषेने या पाखराला ‘सुगरण’ म्हटले तेव्हाच त्याला बाईपण दिले. घर नीट राखणे, नीट रचणे हे बाईचे, हा समज त्या शब्दातच विणलेला आहे. बहिणाबाईंनी तो शब्द उचलला आणि त्यात अकाली वैधव्य आलेल्या, कष्टाने मुले वाढविणाऱ्या खानदेशी शेतकरणीचे अवघे आयुष्य घातले. झाडाला टांगलेला जीव पाखराचा नव्हे. तो त्यांचा आहे. आषाढात विहिरीवरच्या बाभळीखाली उभे राहून ज्या मुलाने पिवळ्या डोक्याचा नर विणताना आणि करडी मादी आत डोकावताना पाहिली आहे, त्याला कवितेने पाखरात काय पाहिले आणि काय घातले हे वेगळे करता येते. काव्य आणि वस्तुस्थिती यांतला भेद शिकविण्यासाठी साहित्यशास्त्राचे ग्रंथ पदवीच्या वर्गापर्यंत थांबतात. बाभूळ तो तिसरीतच शिकविते. मात्र त्यासाठी कविता बाभळीखाली न्यावी लागते, किंवा बाभूळ आधी आणि कविता नंतर असा क्रम ठेवावा लागतो. पाठ्यपुस्तकाची सोय नेमकी उलटी आहे.

येथवर पाहिलेल्या सर्व प्रसंगांत एक गोष्ट गृहीत आहे : वडील जाणते आणि मूल नेणते. हे गृहीत डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ढासळले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्रामीण बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडला नेले. ताराबाई गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या बालमंदिरात तयार झालेल्या, माँटेसरी पद्धतीच्या जाणकार. त्या पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे, काटक्या ही साधने आली. ही केवळ काटकसर नव्हती. साधनांची पेटी उघडताच परिसर वर्गात आला. पण वारली पाड्यांतील मुले तेवढ्यानेही शाळेत टिकेनात; त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले.

कुरणात बसलेल्या शिक्षिकेपुढची मुले रान ‘दाखवून’ घेण्यासाठी आलेली नव्हती. ती रानातलीच होती. कोणता कंद केव्हा खणावा, कोणत्या बिळाशी जाऊ नये, हे त्यांना शहरातून आलेल्या कोणाही बाईहून अधिक ठाऊक. बोट कोणी कोणाचे धरावयाचे, हा प्रश्न तेथे उभा राहिला. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मपर पुस्तकाचे शिक्षणक्षेत्रात योग्य ते स्वागत झाले. परंतु साहित्य म्हणून त्याची जी दखल घ्यावयास हवी ती मराठी समीक्षेने घेतली नाही. सेवावृत्तीची गाथा म्हणून त्याला नमस्कार करून आपण मोकळे झालो. जाणत्या मुलापुढे बसलेला नेणता वडील, हे त्यातले बीज कादंबरीच्या योग्यतेचे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) त्याचा अंकुर दिसतो. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर अक्षरे घेऊन येतो, आणि माळ, मेंढरे व माणसे त्याला शिकवू लागतात. तरी त्या कादंबरीत शिकविणारे बहुतेक प्रौढ आहेत. मेंढरांमागची पोरे पार्श्वभूमीवरच राहतात. वारली किंवा धनगर मुलाने मास्तराला हात धरून नेले आणि मास्तर निमूट गेला, असा प्रसंग मराठीत अद्याप कोणी पुरता लिहावयाचा आहे.

तो लिहावयाचा तर भाषेचा प्रश्न येतो, आणि तो केवळ वर्णनशैलीचा नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ‘चकवाचांदण’ या आत्मचरित्रात सोलापूरकडच्या बालपणाविषयी लिहिले आहे. रानाची आणि पाखरांची पहिली ओळख त्यांना आई आणि मामा यांच्याकडून झाली. पुढे वनखात्यातील दीर्घ नोकरीत त्यांनी आदिवासींकडून शब्द वेचले आणि ‘पक्षिकोश’ रचला. कोशकाराचे मूळ मामाच्या बोटात आहे, हे विशेष. पाखराचे नाव जवळच्या माणसाच्या तोंडून, पाखरू समोर असताना मिळाले तर ते शब्द राहत नाही, स्थळकाळासकट मनात बसते. आणि अशी नावे प्रांतोप्रांती वेगळी असतात, हे अभ्यासक्रमाच्या दृष्टीने संकट असले, तरी वाङ्मयाच्या दृष्टीने धन आहे. पावशाचे उदाहरण घ्यावे. मृगाच्या आगेमागे तो ओरडू लागला की मराठी शेतकऱ्याला त्याच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ अशी आज्ञा ऐकू येते. हिंदी मुलखात तोच पक्षी प्रियकर कोठे आहे असे विचारतो, आणि बंगालमध्ये डोळा गेल्याचा आक्रोश करतो. पक्षी एक, सूर एक. कान मात्र तीन साहित्यपरंपरांचे. दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा ऐकविले तर तौलनिक साहित्याची वेगळी दीक्षा द्यावयास नको.

देशी भाषांतून परस्परांत होणाऱ्या अनुवादांनाही हीच कसोटी लावता येईल. ‘पथेर पांचाली’सारखी कृती मराठीत आणताना अपूची व्यथा, दुर्गेचा मृत्यू, आगगाडीची ओढ हे सारे उतरते, ते मनुष्यमात्राचे आहे. अडते ते झुडपांशी. ‘आलकुशी’ला केवळ ‘काटेरी वेल’ म्हणून वाट काढता येते, आणि इंग्रजीवरून काम करणाऱ्याला तर ते सुचणारच. परंतु त्या शेंगेला काटे नसतात; असते ती मऊ दिसणारी, हात लावावासा वाटणारी सोनेरी-तपकिरी लव. म्हणूनच तर अपूचा हात पुढे होतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या कोणाही मराठी मुलाला ती लव ठाऊक असते, आणि तिचे नावही. अनुवादकाने ‘खाजकुयली’ लिहिले की वाचणाऱ्या मुलाचा हात पानावरच आखडतो. वैतागलेल्या हरिहराने आपल्या मुलाला जे दिले, ते निश्चिंदिपूरहून कोकणात पोचविण्यासाठी तेवढा एक शब्द पुरेसा आहे.